एका माणसाची ओल

१

नगरपालिकेच्या घरतपासणी विभागात तिला सगळे ओलबाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळ उभे राहून म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं ती लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या भिंतींना हात लावत आली होती. कपाटामागे वाकून बघायचं, गादी उचलून खालची बाजू तपासायची, कोपऱ्यात नाक नेऊन वास घ्यायचा आणि मग खिशातला डबीएवढा मीटर काढून खोलीच्या मधोमध ठेवायचा. हवेत ओल किती आहे, ते तो मीटर शंभरपैकी सांगे. चाळीस ते साठ म्हणजे घर ठणठणीत. सत्तरच्या वर गेलं आणि तिथेच मुक्काम ठोकला, की महिन्याभरात बुरशीचे काळे ठिपके आलेच म्हणून समजायचं.

लोक भिंतीला दोष देत, बांधणाऱ्याला शिव्या घालत. ती शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, "भिंत बिचारी काय करणार? ओल तुमच्यातून येते. एक माणूस रात्रभर झोपला तर दीड पेला पाणी हवेत सोडतो, श्वासातून आणि अंगातून. चार माणसं, त्यांचा स्वयंपाक, अंघोळी, घरातच वाळत घातलेले कपडे, सगळं मिळून दिवसाला बादलीभर होतं. ते पाणी कुठे जाणार? घरातली सगळ्यात गार जागा शोधतं आणि तिथे बसतं." मग उपाय सांगायचे. ऊब थोडी, पण सतत. एक खोली भट्टीसारखी आणि दुसरी गारढोण असं करायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, पातेल्यावर झाकण, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. हे सगळं तिने झोपेतून उठवलं असतं तरी न अडखळता म्हणून दाखवलं असतं.

नवऱ्याशी तिचं तेवीस वर्षांनी तुटलं. भांडण नाही, आदळआपट नाही. एका संध्याकाळी दोघं जेवायला बसली आणि आता बोलण्यासारखं काही उरलं नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"माझी मागची खोली रिकामीच पडलीये," ताई म्हणाली. "ऊठ आणि ये, चिमे. लोकांच्या घरात किती दिवस काढशील?"

चिमी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. आई गेली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती आणि ताई तेराची. तिची वेणी घालणं, ताप आला की उशाशी बसणं, वडिलांची सही गिरवून प्रगतिपुस्तक शाळेत परत धाडणं, सगळं ताईने केलं. लग्न केलं नाही. शिवणयंत्रावर कपडे दुरुस्त करून द्यायची, इमारतीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. पुढे एक खोली, तिथे यंत्र आणि दिवाण. मग स्वयंपाकघर. मग मागची खोली, जिचं दार धाकटीने आजवर कधी उघडं पाहिलं नव्हतं. आत कापडाचे गठ्ठे आहेत, असं ताई सांगायची.

गठ्ठे आता नव्हते. पलंग होता, कपाट होतं, धुतलेली चादर होती. धाकटीने पिशव्या खाली ठेवल्या आणि सवयीने मीटर काढून पलंगावर ठेवला.

एक्याऐंशी.

ती हसली. "ताई, तू माझं नाव घालवलंस."

"म्हणून तर तुला बोलावलं," ताई म्हणाली, आणि तीही हसली.

२

पहिल्या रविवारी धाकटीने तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे चढवले आणि कपाट ओढून बाजूला केलं. कपाटामागे बुरशी असणार हे तिला माहीत होतं, पण ती तिथे नव्हती. होती ती पलंगाला लागून असलेल्या भिंतीवर. एवढ्या वर्षांत तिने हजारएक भिंती पाहिल्या असतील. बुरशी कोपऱ्यातून निघते, छताकडे सरकते, कडेला विरळ होत जाते. ही तशी नव्हती. गादीच्या उंचीवर लांबट काळा पट्टा होता, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, आणि त्याच्या कडा स्वच्छ होत्या. ओल्या अंगाने कोणी रोज तिथे पाठ टेकवून पडावं, असा.

'गादी भिंतीला चिकटली होती, तिथे हवा फिरली नाही,' तिने मनाशी म्हटलं. ते बरोबरच होतं. तिने औषध लावून पट्टा पुसला, पलंग भिंतीपासून हातभर पुढे घेतला, तेलाचा हीटर आणून अठरा अंशांवर लावला. ऑफिसातल्या मिस्त्रींनी शनिवारी येऊन बाहेरच्या भिंतीला गोल भोक पाडलं आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून दिला. कागदाचा कपटा पंख्याच्या जाळीला धरला तर चटकन चिकटून बसला. आठवड्याभरात मीटर पंचावन्नावर यायला हवा होता, आणि आलाही. त्रेसष्ट, साठ, पंचावन्न. धाकटीला बरं वाटलं. आपल्या हातात अजून काहीतरी आहे, असं फार दिवसांनी वाटलं.

फक्त खोकला तेवढा ऐकू यायचा.

सकाळी उठून ती पंखा मोठा करायची आणि खिडकी उघडायची, की थोड्या वेळाने भिंतीकडून खोकण्याचा आवाज यायचा. बारीक, कोरडा, दाबलेला. चारचौघांत ठसका लागला की माणूस तोंडावर हात धरून खोकतो, तसा. शेजारी म्हातारं माणूस असेल, थंडी बाधत असेल, असं समजून ती खिडकी लोटून घ्यायची. लोटली की खोकला थांबायचा.

आठव्या दिवशी कामावरून येताना तिने मागच्या गल्लीतून सहज वर पाहिलं. जिन्याचं दार याच गल्लीत उघडायचं, आणि तिच्या खोलीची खिडकीही इकडेच होती. खिडकीच्या पलीकडे इमारत संपत होती. त्या भिंतीमागे शेजार नव्हता. उघडी हवा होती आणि पाण्याचा एक पाइप खाली उतरला होता.

पाइपमधून आवाज कुठून कुठे जातात. हेही बरोबरच होतं, तिने स्वतः लोकांना समजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून खोकला बंद झाला. मीटर मात्र चढायला लागला. पासष्ट, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर.

ताई त्या दिवसांत फुलून आली होती. पूर्वी जिना चढून आली की दाराला धरून उभी राहायची, छातीतून किटलीसारखा आवाज यायचा. आता कपड्यांचं गाठोडं घेऊन दोन मजले चढायची आणि वर येऊन गुणगुणत यंत्रावर बसायची.

"तू आलीस आणि माझं घर भरलं बघ," ती म्हणायची.

३

मिस्त्री निवृत्तीला आले होते आणि भिंतीशी बोलल्याशिवाय त्यांचं काम होत नसे. त्यांनी टिचक्या मारल्या, गिलाव्यात दोन सुया खुपसून यंत्र लावलं, नळाचं पाणी बंद करून पाइपाचा दाब तपासला, बाहेरून शिडी लावून पाइप पाहिला. तासाभराने स्टुलावर बसले.

"बाई, ही भिंत माझ्या सासऱ्यासारखी आहे. वरून ओलावा, आतून ठणठणीत कोरडी."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी भिंतीतून येत नाही. खोलीतून भिंतीत जातंय. हे तुम्हीच तर आम्हाला शिकवता." त्यांनी सुया पुसल्या. "इथे किती माणसं झोपतात?"

"मी एकटी."

"एकटीचं एवढं होत नाही."

"ताई बाहेर इस्त्री करते. वाफेची."

"ती वाफ एवढं स्वयंपाकघर ओलांडून इथेच येऊन बसते आणि वाटेत कुठे टेकत नाही, ही वाफ फारच शहाणी म्हणायची." मग ते जरा गंभीर झाले. "मला विचाराल तर इथे दोन माणसांचा हिशेब लागतोय. पण तुम्ही म्हणता एकच, तर एकच."

ते गेल्यावर ती पुढच्या खोलीत गेली. मग ताईला म्हणाली, "इस्त्री करताना तुझी खिडकी उघडी ठेवत जा." ताईने लगेच ऐकलं. पुढच्या खोलीतला आकडा पन्नासावर आला. मागच्या खोलीतला ब्याऐंशीवर गेला.

धाकटीची चादर सकाळी अंगाखाली कोरडी असे. पलीकडची, भिंतीकडची बाजू गार आणि जड लागे. तिने उशी हुंगून पाहिली तर बंद बरणी उघडल्यासारखा वास आला. तिला स्वतःलाच आता खोकला झाला होता. ऑफिसात कोणी विचारलं तर ती म्हणायची, "धूळ खाण्याचाच तर पगार घेते." आणि मनात एक साधं, रीतसर उत्तर तयार होत होतं. ती कामावर गेली की दिवसा त्या खोलीत कोणीतरी झोपतं. ताईच झोपत असणार. पुढे दिवाणावर पाठ अवघडत असेल, सांगायला संकोचत असेल.

या उत्तराने तिला इतकं हायसं वाटलं, की तिने ते लगेच तपासून पाहायचं ठरवलं.

४

ऑफिसात एक नोंदयंत्र होतं. ते दर दहा मिनिटांनी हवेतली ओल टिपून ठेवी, आणि माणूस जो श्वास बाहेर सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइडही. रिकाम्या खोलीत तो हवेच्या दहा लाख भागांत चारशे-साडेचारशे असतो. दार लावून माणूस झोपला की हजाराच्या वर जातो. ओलीला शंभर कारणं असतील. याला बंद खोलीत एकच, ते म्हणजे श्वास.

तिने ते कपाटावर ठेवलं. तो गुरुवार होता आणि ताईला छातीच्या तपासणीसाठी इस्पितळात न्यायचं होतं. साडेनऊला खिडकी पाच मिनिटं उघडून तिने खोली मोकळी केली, मग खिडकी लावली, खोलीचं दार लावलं, बाहेरच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली एकच होती आणि ती धाकटीच्या पर्समध्ये होती. रिकाम्या घराचा आकडा एकदा हातात असला, की उद्याच्या आकड्याशी ताडून बघता येईल, एवढाच तिचा विचार होता.

इस्पितळात खूप वेळ मोडला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. त्यांनी नवा फोटो जुन्या फोटोशेजारी उजेडावर लावला आणि खूश झाल्या.

"बघा, किती फरक आहे. मागच्या वर्षी मी तुम्हाला काय सांगितलं होतं? त्या दमट खोलीत झोपणं सोडा, नाहीतर पुढचा हिवाळा कठीण जाईल. अकरा वर्षं बुरशीत श्वास घेतलात तुम्ही. शेवटी ऐकलंत ना?"

ताई फोटोकडे बघत होती. "ऐकलं," ती म्हणाली.

"आता ती खोली बंदच ठेवा. कोणालाही झोपवू नका तिथे. या कोण, बहीण का तुमची?"

"धाकटी," ताई म्हणाली.

त्याच वेळी धाकटीला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई पर्सचा बंद लावत होती. तो बंद तिला काही केल्या लागत नव्हता.

बसमध्ये धाकटी आकडेमोड करत राहिली, कारण आकडेमोड तिला येत होती. अकरा वर्षं. 'मी पुढेच झोपते, मला मशीनजवळ बरं पडतं,' हे ताई किती सहज म्हणाली होती. कापडाचे गठ्ठे. धुतलेली चादर. ऊठ आणि ये, चिमे.

चारला घरी पोचल्यावर तिने चपलासुद्धा न काढता मागच्या खोलीत जाऊन नोंदयंत्र उघडलं.

दहा वाजेपर्यंत रेघ सपाट होती. दहा वाजून वीस मिनिटांनी ती उचलली होती. पाचशे, सहाशे, आठशे. साडेबारापर्यंत हळूहळू हजारावर जाऊन तिथे ठरली होती. शेकडो घरांत तिने ही रेघ पाहिली होती, माणूस आडवा होतो आणि त्याला झोप लागते, तेव्हाची. दीडच्या सुमाराला एक बारीक खाच होती. कूस बदलल्यासारखी. आणि चारला दहा कमी असताना, त्या दोघी अजून बस थांब्यावरून चालत येत होत्या तेव्हा, रेघ पडायला लागली होती.

पलंगावरची चादर धाकटीने सकाळी ताणून घातली होती. भिंतीकडच्या अर्ध्या भागाला सुरकुत्या होत्या.

५

तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि पंख्याच्या जाळीला कागदाचा कपटा धरला. पंखा फिरत होता. कपटा खाली पडला.

जाळीचे चार स्क्रू काढले. आत, पंख्याच्या मागे, भोकात एक उशी बसवलेली होती. चोळामोळा करून कोंबलेली चिंधी नव्हे. भोकाच्या मापाची गोल उशी, दुहेरी अस्तराची, कडेला बारीक टीप घातलेली, ओढून काढता यावी म्हणून एक फितीचा फासही लावलेला. असली टीप जगात एकाच हाताची होती. शाळेच्या पहिल्या दिवशी धाकटीच्या झग्याला होती, लग्नातल्या पोलक्याला होती. कोणीतरी खुर्चीवर चढून, फीत लावून, नीट माप घेतलं होतं.

ताई दारात उभी होती.

"कोरड्या हवेत त्याला त्रास होतो," ती म्हणाली. "तू ऐकलंस ना, कसं खोकायचं."

धाकटी खुर्चीवरून उतरली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज अगदी साधा निघाला. "काय आहे ते?"

"मला माहीत नाही."

"अकरा वर्षं झोपलीस तू त्याच्याशेजारी."

"म्हणूनच कधी विचारलं नाही." ताई चौकटीला टेकली. "काही करत नाही गं ते. नुसतं पडून असतं. शेजारी कोणी असलं की शांत असतं. कोणी नसलं की मग घरभर येतं. यंत्रावर बसले की मागे उभं राहतं, मानेवर गार लागत राहतं. खोलीत कोणीतरी झोपायला लागतं, एवढंच. सवय होते."

"आणि छाती गेली की दुसरं कोणी आणायचं."

"तुला एकटीला राहायला जागा नव्हती."

"ताई."

ताईने खाली पाहिलं. "डॉक्टरांनी सांगितलं, पुढचा हिवाळा निघणार नाही. मी घाबरले, चिमे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःपुरती घाबरले. मला वाटलं, तू त्यातलीच जाणकार आहेस, तू काहीतरी करशील, तुला माझ्याइतकं बाधणार नाही."

"मग सांगून बोलवायचं होतंस. असं आहे, माझ्या जागी काही दिवस झोप, म्हणायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आले असते," धाकटी म्हणाली.

ते खरं होतं. दोघींनाही ते ऐकताक्षणी कळलं, आणि त्यानंतर दोघींना एकमेकींकडे बघवेना.

धाकटीने खिडकी सताड उघडली, हीटर शेवटच्या आकड्यावर फिरवला आणि पिशव्या भरायला घेतल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं, थंड वारा आत घुसत होता. ती कपाटापाशी कपडे काढत असताना खोकला सुरू झाला. आधी भिंतीकडून. मग पलंगापाशी. मग तिच्या मागे, खांद्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर, थांबून थांबून, जिवाच्या आकांताने दाबलेला. तिने मागे पाहिलं नाही. साडीची घडी तिच्या हातात तशीच राहिली.

ताई आत आली, तिच्या बाजूने जाऊन खिडकी लावली, हीटर बंद केला. मग रिकाम्या जागेकडे न बघता ती थोडी अंग चोरून वळली, अरुंद बोळात समोरून कोणी आलं की आपण वळतो तशी, आणि बाहेर गेली.

६

धाकटीने पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. दोन बाजूंनी ऊन, समोरासमोर खिडक्या, कोपरे कोरडे. मीटर अठ्ठेचाळीस दाखवी. आठवड्याभरात तिचा खोकला गेला. राग मात्र जाईना. रोज जिना चढताना ती ताईशी मनातल्या मनात भांडायची, आणि रोज वर पोचेपर्यंत त्या भांडणात ताई तेरा वर्षांची व्हायची, हातात कंगवा घेतलेली. तेरा वर्षांच्या मुलीशी कसं भांडायचं?

तीन आठवड्यांनी तिनेच फोन केला.

"आता तिथे कोण झोपतं?"

"मी," ताई म्हणाली. छातीतली किटली फोनमधूनही ऐकू येत होती.

"सगळं टाकून इकडे निघून ये. मी पलंग घेतलाय तुझ्यासाठी. ती जागा बंद करून टाकू."

ताई रडायला लागली. धाकटीने ताईला रडताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिलाही रडू आलं. मग ताई नेहमीसारखी बोलायला लागली, बारीकसारीक विचारायला लागली. कितवा मजला? जिन्याला कठडा आहे ना? खिडक्या घट्ट लागतात का? "आणि तुझा पलंग कुठल्या भिंतीला आहे, चिमे? बाहेरच्या का आतल्या?" छातीच्या काळजीने विचारत असेल, असं वाटून धाकटीने सगळं नीट समजावून सांगितलं. ताईने लिहून घेतलं. रविवारी अकराला टेम्पो घेऊन येते, असं ठरलं.

रविवारी कडाक्याची थंडी होती आणि लख्ख ऊन. टेम्पोवाला बोलका माणूस होता. गल्लीत मागे घेत घेत त्याने टेम्पो जिन्याच्या दाराशी नेमका लावला. धाकटी खाली उतरली. वर जायची तिची इच्छा नव्हती, तसं तिने ताईला आधीच सांगितलं होतं. 'मी खाली थांबेन, तू पिशवी घेऊन ये, बाकी सामान हा माणूस आणेल.'

तिने वर पाहिलं. मागच्या खोलीची काच आतून पूर्ण दाटून आली होती, दुधासारखी पांढरी. मग आतून एका हाताने ती गोल गोल पुसली, आणि त्या गोलात ताईचा चेहरा आला. धाकटीने हात हलवला. ताईने हलवला नाही. नुसती बघत राहिली.

तिच्या गोलाशेजारी, थोडं खाली, काच पुन्हा पुसली जायला लागली. ताईचे दोन्ही हात तिच्या छातीशी होते.

"दोघी जणी आहेत का?" टेम्पोवाला डोळ्यांवर हात धरून वर बघत म्हणाला. "तुम्ही एकाच बाईंचं सामान म्हणाला होतात."

दुसरा गोल आता चांगला वीतभर झाला होता. ऊन काचेवर पडलं होतं, त्यामुळे त्यात काय आहे ते खालून दिसत नव्हतं, फक्त काहीतरी फिकट होतं, काचेच्या फार जवळ. ताई त्याच्याकडे जराशी वाकली. लहान मुलाला गर्दीतलं माणूस दाखवताना वाकावं तशी. तिचे ओठ हलले, आणि तिने बोट उचलून काचेवर टेकवलं, सरळ धाकटीच्या रोखाने.

दुसरा गोल कडांकडून पांढरा होत होत मिटून गेला.

जिन्यात वर कुठेतरी दार वाजलं. मग पावलं. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. दम लागणारं माणूस कठड्याला धरून उतरतं तशी. टेम्पोवाल्याने हात झटकले, मागे जाऊन फळी खाली पाडली आणि जिन्याच्या अंधारात वाकून पाहिलं.

"आल्या वाटतं," तो म्हणाला, आणि हात द्यायला पुढे झाला. "या, सावकाश."

ताई अजून वर खिडकीतच उभी होती.